डिस्चार्ज कार्डावर साखरेची एक ओळ हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाला हृदयविकारावर लेख येतात आणि १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला मधुमेहावर. दोन्ही मी वाचते, चांगला असेल तो कापून दुकानाच्या काचेवर लावते. पण ज्याला अटॅक आला आणि त्याच दिवशी रक्तातली साखरही वाढलेली निघाली, अशा माणसाबद्दल फारसं कुठे वाचायला मिळत नाही. अशी माणसं थोडी नाहीत. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं आहे, पण कृपया काटछाट न करता छापावं.

मी फार्मासिस्ट आहे. मानेवाडा रोडवर आमचं औषधांचं दुकान आहे. मेडिकल आणि सुपर ही सरकारी रुग्णालयं, धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने, सगळीकडून सुट्टी झालेल्या पेशंटचे नातेवाईक कार्ड घेऊन काउंटरवर येतात. अटॅकच्या पेशंटचं कार्ड लांबूनच ओळखू येतं. स्टेंटच्या खोक्यावरचं बारकोडचं स्टिकर कोपऱ्यात चिकटवलेलं असतं. कोणती नस किती टक्के बंद होती, हृदयाचं पंपिंग किती, हे लिहिलेलं असतं आणि खाली गोळ्यांची यादी: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल नाहीतर टिकाग्रेलॉर, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, पॅन्टोप्राझोल. तेल-मीठ कमी करा, तंबाखू बंद, पंधरा दिवसांनी दाखवायला या. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्या कार्डावर ‘डीएम’ लिहिलेलं असतं. ज्यांना तो कधी निघालेला नाही, त्यांच्या कार्डावर साखरेबद्दल बहुतेक वेळा एक अक्षर नसतं. दवाखान्यात तपासलेली साखर किती होती, हेही नाही.

माझ्या भासऱ्यांचंच सांगते. वय अठ्ठावन्न, राहायला नागपुरात, मौद्याकडे पेंच धरणाच्या पाण्यावर धानाचं वावर. एप्रिलमध्ये त्यांना अटॅक आला. घरच्यांनी वेळ न दवडता एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथे लगेच अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी माणूस वाचवला, ते ऋण आमचं घर विसरणार नाही. पण घरी आल्यावर त्यांची तब्येत काही उभारी धरेना. अंघोळ करून आले की पलंगावर आडवे. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठायचे. ती डॉक्टरांनी दिलेल्या पाणी काढायच्या गोळीमुळे असेल, असं घरात सगळे म्हणाले. तहान फार लागायची. पण मे महिन्यात नागपुरात तहान कोणाला लागत नाही? थकव्याला तर कारण तयारच होतं: हार्ट कमजोर झालं.

मेडिक्लेमसाठी पुतण्याने दवाखान्यातून पूर्ण फाईलची झेरॉक्स आणली आणि कागद लावून द्यायला माझ्याकडे दिली. त्यात नर्सिंग चार्टचं एक पान होतं. बीपी, नाडी, ऑक्सिजन, लघवीचं माप, आणि शेवटच्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरात ‘आरबीएस २१४’, म्हणजे कोणत्याही वेळी मोजलेली रक्तातली साखर. त्याच्या खाली सहा तासांनी १९६. दुसऱ्या दिवशी १७८. तिथून पुढे तो रकाना कोरा. डिस्चार्ज कार्ड उलटसुलट करून पाहिलं, यातला एकही आकडा त्यावर आलेला नव्हता.

मी जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ह्यायले तं कधीच शुगर नव्हती. सिस्टर म्हणे, टेन्शननं वाढते, उतरून जाईल.”

सिस्टरचं म्हणणं निम्मं खरं होतं, ते नीट सांगायला हवं. अटॅक आला की शरीर संकटात आहे असं समजून अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल भराभर सोडतं. त्यांच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्शुलिनचं कामही त्या वेळी मंदावतं. त्यामुळे ज्याला मधुमेह नाही त्याचीही साखर त्या दिवशी चढू शकते. पण ‘टेन्शनची साखर’ म्हटलं की ती निरुपद्रवी, असा जो अर्थ लोक घेतात तो चुकीचा आहे. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मधुमेह नसलेल्या ज्या रुग्णांची दाखल होतानाची साखर साधारण ११० ते १४४ च्या वर होती, त्यांना दवाखान्यातच मृत्यू येण्याचा धोका साखर कमी असलेल्यांच्या तुलनेत ३.९ पट निघाला. आपल्याकडे १५० आकडा दिसला तर कोणी मान वर करून पाहत नाही. मोठा अटॅक असेल तर ताणही मोठा आणि साखरही जास्त, म्हणजे हा आकडा काही अंशी अटॅक केवढा होता तेच सांगतो, हे मान्य. तरीसुद्धा तो सांगतो आहे ना? मग तो लिहून ठेवायला नको?

शिवाय साखर नुसती साक्षीदार नसते, ती स्वतः नुकसानही करते. वाढलेल्या साखरेत रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं, हृदयाच्या स्नायूतल्या केसासारख्या बारीक वाहिन्या तुंबतात. स्टेंट मोठ्या नसेत बसतो, या वाहिन्यांत नाही. पेंचचा मुख्य कालवा मोकळा केला तरी पाटचाऱ्या गाळाने भरलेल्या असतील तर टोकाच्या वावरात पाणी पोचत नाही. भासऱ्यांना मी असंच समजावलं आणि त्यांना ते एका वाक्यात कळलं. पुढे हार्ट फेल्युअर, किडनीवर ताण, जंतुसंसर्ग, पुन्हा अटॅक, हे सगळे धोके साखर बिघडलेली असेल तर जास्त असतात.

आता दुसरा निम्मा भाग. अटॅकच्या दिवशी चढलेली साखर ताणामुळे आहे की जुनीच आहे, हे ओळखायला एक साधी तपासणी आहे: एचबीए१सी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. त्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. दोन दिवसांच्या ताणाने हा आकडा उडी मारत नाही. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाची वेस, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. उपाशी राहावं लागत नाही, दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त देता येतं. दवाखान्यात सुई टोचलेलीच असते, त्याच रक्तात होते. खर्च बाहेर चार-पाचशे रुपये.

भासऱ्यांची एचबीए१सी ७.९ निघाली. म्हणजे साखर अटॅकने आणलेली नव्हती, ती किमान काही महिने आधीपासून त्यांच्या अंगात होती. कोणी मोजली नव्हती, एवढंच. आणि पाणी काढायच्या गोळीच्या नावावर खपलेलं रात्रीचं उठणं, उन्हाच्या नावावर खपलेली तहान, हार्टच्या नावावर खपलेला थकवा, या सगळ्यात तिचा वाटा होता. फिजिशियनने मेटफॉर्मिन सुरू केली, जेवणाची घडी बसवून दिली. साखर उतरत गेली तशी रात्रीची झोप सलग होऊ लागली, झोप आली तसं सकाळी चालणं जमू लागलं. सगळं श्रेय मी त्या गोळीला देत नाही, हृदयही आपल्या गतीने भरून येत असतंच. पण रात्री चारदा उठणाऱ्या माणसाला सकाळी चालायला जा म्हणण्यात काय अर्थ होता?

हे एका घरचं नाही, याला पुरावा आहे. २००२ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी अटॅकने दाखल झालेले, पण मधुमेह माहीत नसलेले १८१ रुग्ण घेतले आणि सुट्टीच्या वेळी ग्लुकोज पाजून रीतसर तपासणी केली. ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला, आणखी ३५ टक्क्यांची साखर मधुमेहाच्या वेशीवर. तीन महिन्यांनी, म्हणजे ताण ओसरल्यावर, तीच तपासणी पुन्हा केली तेव्हाही २५ आणि ४० टक्के. तिघांतल्या दोघांची साखर बिघडलेली, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याच कागदावर तोवर मधुमेह नव्हता. हे स्वीडनमधलं. आपल्या देशाचा २०२३ चा आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या पाहणीचा अंदाज १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असा आहे. तेव्हा आपल्या आयसीयूंमध्ये चित्र याहून बरं असेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

विदर्भासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण बाहेरच्या लेखांत ती सापडत नाही. आपल्याकडे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ आहे. ज्यांच्या रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे, त्यांच्यात एचबीए१सी फसवू शकते. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेच्या अ‍ॅनिमियात तो थोडा जास्त दिसू शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा स्वतः ‘वाहक’ असल्याचं कार्ड शाळेत वा आरोग्य शिबिरात मिळालेलं असेल, तर ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी केलेली साखर, किंवा फ्रुक्टोसामीन ही तपासणी यांवर डॉक्टर भर देतात.

एवढं वाचून कोणी घाईघाईने साखर पाडायला निघू नये. माझ्या काउंटरवर ही भीती मी रोज पाहते. “ताई, आमच्या शेजारचे ग्लिमेपिराइड घेतात, तीच द्या.” ही साखर उतरवायची गोळी मी अशी देत नाही, त्यावर भांडणंही होतात. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला साखर एकदम खाली जाणं हे चढलेल्या साखरेइतकंच, कधी त्याहून वाईट. २००९ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या आयसीयूंमधल्या सहा हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास आला. ते सगळे हृदयाचे रुग्ण नव्हते, निरनिराळ्या गंभीर आजारांचे होते. निम्म्यांची साखर इन्शुलिनने ८१ ते १०८ इतकी घट्ट धरली, निम्म्यांची १८० पर्यंत चालू दिली. घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त झाले: २७.५ टक्के, दुसरीकडे २४.९. म्हणूनच आज दवाखान्यात बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० च्या आसपास राखा असं सांगतात.

त्यातच मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी चालू असते. साखर खाली गेली की एरवी छातीत धडधडतं, हात थरथरतात, माणूस सावध होतो. ही गोळी ती धडधड दाबते. घाम मात्र येतो. तेव्हा अटॅकनंतर घरी असलेल्या माणसाला अचानक घाम फुटला, गोंधळल्यासारखं झालं, तर छातीचा विचार करालच, पण घरात ग्लुकोमीटर असेल तर बोटाला टोचून साखरही बघा. मात्र त्यासाठी दवाखाना गाठायला उशीर करू नका.

याच्या उलटही घडतं. अयोध्यानगरचे एक ऑटोचालक, जुने मधुमेही. अँजिओग्राफीच्या आधी त्यांची मेटफॉर्मिन थांबवली होती. तपासणीतल्या रंगद्रव्याचा किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून ती काही वेळा, विशेषतः किडनी नाजूक असेल तर, थांबवतात आणि क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी ठीक दिसल्यावर, साधारण ४८ तासांनी, पुन्हा देतात. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून. पण सुट्टीच्या कार्डावर ती गोळी परत सुरू करायची, हे कोणी लिहिलंच नाही. त्यांनी प्रामाणिकपणे कार्डावरच्या तेवढ्याच गोळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा औषधं न्यायला आले तेव्हा मी विचारलं, “शुगरची गोळी घरी शिल्लक आहे का?” ते म्हणाले, “ते तं बंद केली न डॉक्टरनं.” त्या दिवशी त्यांची उपाशीपोटीची साखर २६८ होती. मी गोळी दिली नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला लावला, आणि डॉक्टरांनी लगेच सांगितलं की हो, सुरू करायची होती.

खायच्या-प्यायच्या बाबतीतही आपलं प्रेम आडवं येतं. पेशंटला भेटायला जायचं तर हातात मोसंबीचा ज्यूस, संत्र्याचा ज्यूस, ग्लुकोज बिस्किटांचे पुडे. दवाखान्यांबाहेरच्या ज्यूसच्या गाड्यांवर ग्लासात वरून साखर टाकतात, आणि नुसत्या रसाच्या मोठ्या ग्लासातही वीसेक ग्रॅम साखर असते. आपलं संत्रं सोलून, फोडी चावून खाणं वेगळं. चार-पाच संत्र्यांचा रस दोन घोटांत पोटात जाणं वेगळं. ज्यूसवाल्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला, पण आयसीयूतून वॉर्डात आलेल्या माणसासाठी तो ग्लास नेऊ नका. एवढं वाटत असेल तर चार घरांनी मिळून एक ग्लुकोमीटर द्या.

स्टेंटबद्दल मात्र लोक खोलात जाऊन विचारतात. कोणत्या कंपनीचा, देशी की इम्पोर्टेड, किती एमएमचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली तेव्हा माझ्या दुकानात महिनाभर दुसरा विषय नव्हता, आणि त्याने गरिबांचं भलंही झालं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अनेकांची अँजिओप्लास्टी पैशाविना होते. एवढा खर्च सरकार करतं, घर करतं, मग पुढचं बरं होणं ज्यावर अवलंबून आहे तो आकडा कागदावर येऊ नये, याची मला खरोखर हळहळ वाटते. औषधंही आता पूर्वीसारखी आवाक्याबाहेर नाहीत. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांमध्ये हार्ट फेल्युअरने पुन्हा भरती व्हायचं प्रमाण कमी करणाऱ्या गोळ्या आल्या आहेत. एम्पाग्लिफ्लोझिन त्यातली एक. २०१५ च्या अभ्यासात तिने अशा रुग्णांमधले हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि आमच्या फळीवर स्वस्त पर्यायांची रांग लागली. पण ज्याला आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नाही, त्याच्या डॉक्टरांनी ती लिहायची कशाच्या आधारावर?

शहरातल्या सगळ्या हृदयरोगतज्ज्ञांना आणि दवाखान्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर एक छापील ओळ टाका: दाखल होतानाची साखर, एचबीए१सी, आणि पुन्हा कधी तपासायची ती तारीख. आधीपासून मधुमेही असेल तर कोणती गोळी थांबवली आणि ती कोणत्या दिवशी सुरू करायची, हेही त्याच ओळीत. कार्ड लिहिणारे निवासी डॉक्टर रात्रभर जागे असतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच ओळ छापलेली हवी. रकाना समोर असला की भरला जातो.

वाचकांना एवढंच सांगते: सुट्टीच्या दिवशी बिल भरायच्या आधी सिस्टरला विचारा की आमच्या माणसाची साखर किती होती. मोबाईलमध्ये नर्सिंग चार्टचा फोटो काढून ठेवू द्या म्हणा. एचबीए१सी झाली नसेल तर त्याच रक्तात करून घ्या. आकडा चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण अटॅकच्या दिवशी साखर चढली होती त्या माणसाला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

आणि डॉक्टरमंडळींना एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर आपल्या वृत्तपत्रातूनच मिळावं असं वाटतं. अँजिओप्लास्टी हृदयरोगतज्ज्ञ करतात, साखर फिजिशियन किंवा मधुमेहतज्ज्ञ बघतात, आणि सुट्टी होते तेव्हा पेशंटला वाटतं दोघांनी बघितलं. साखरेची ती ओळ भरायची जबाबदारी या दोघांपैकी नेमकी कोणाची?

आपली नम्र,
एक फार्मासिस्ट
मानेवाडा रोड, नागपूर